इंग्रजी शब्द येतात, पण वाक्य खटकतं? शब्दजोड्या शिकण्याची पद्धत

मराठी माध्यमात शिकलेल्यांना इंग्रजी शब्द कमी येतात, असं सगळे धरून चालतात. माझा अनुभव उलटा आहे. शब्द भरपूर येतात. व्याकरणही बरं असतं, कारण 'चेंज द व्हॉइस' शाळेत घोटून घेतलेलं असतं. गाडी अडते ती कुठला शब्द कुणाशेजारी बसतो, या एकाच ठिकाणी. मी चाकणच्या एका कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार बघतो. डिस्पॅचला नवीन आलेल्या मुलांचे मेल बाहेर जाण्याआधी माझ्या नजरेखालून जातात. त्यात स्पेलिंगच्या चुका क्वचितच सापडतात, त्या संगणक दाखवतोच. खटकतात त्या जोड्या.

जोडी म्हणजे काय, हे मराठीत आपल्याला न शिकवता कळतं. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, गजरा माळतो आणि चष्मा लावतो. फेटा माळला म्हटलं तर शेंबडं पोरही हसेल. इंग्रजीत या सगळ्याला एकच 'वेअर' पुरतो, अगदी अत्तरालासुद्धा. मात्र तिकडेही दुसऱ्या बाजूला हाच हट्ट आहे. चहा 'स्ट्राँग' असतो, इंजिन 'पॉवरफुल' असतं. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच, पण अदलाबदल केली की वाचणारा दचकतो. 'का' असं विचारू नका. फेटा का माळत नाहीत याचं उत्तर तरी आपल्याकडे कुठे आहे?

अशा जोडीला इंग्रजीत 'कोलोकेशन' म्हणतात. शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघा, असं जे. आर. फर्थ या लंडनच्या भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली लिहिलं. पण या जोड्यांची पहिली मोठी यादी त्याच्याही आधीची, १९३३ सालची, आणि ती छापली गेली तोक्योत. हॅरॉल्ड पामर या इंग्रज शिक्षकाने जपानी विद्यार्थ्यांसाठी ती केली होती. म्हणजे ही अडचण मुळातच बाहेरून इंग्रजी शिकणाऱ्यांची आहे. आपण एकटे नाही.

खाली इंग्रजी शब्द देवनागरीतच दिले आहेत. स्पेलिंग शब्दकोशात बघून वहीत उतरवा, म्हणजे एकदा हाताखालून जातील.

काय काय लागेल

• एक दोनशेपानी वही. मोबाईलमधली नोंद चालेल, पण वही बरी.
• शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड लर्नर्स, लाँगमन आणि केंब्रिज हे तिन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. पहिल्या दोन्हींत बऱ्याच शब्दांखाली जोड्यांची वेगळी चौकट असते. लोक अर्थ वाचून पान बंद करतात आणि ती चौकट बघतच नाहीत.
• 'स्केल' (SkELL) नावाचं संकेतस्थळ. 'स्केच इंजिन' चालवणाऱ्या कंपनीचं आहे, फुकट आहे, नावनोंदणी लागत नाही. वापरायचं कसं ते सहाव्या पायरीत.
• विकत घ्यायचंच असेल तर ऑक्सफर्डचा कोलोकेशन्सचा कोश. पहिली आवृत्ती २००२ची, दुसरी २००९ची. जुनी प्रत मिळाली तरी काही बिघडत नाही, जोड्या दरवर्षी बदलत नाहीत.

इंग्रजी-मराठी शब्दकोश या यादीत मुद्दाम घेतलेला नाही. तो अर्थ सांगतो, संगत सांगत नाही.

१. वहीत सुटा शब्द लिहू नका

'डिसिजन म्हणजे निर्णय' अशी नोंद आजपासून बंद. तिच्या जागी 'मेक अ डिसिजन' लिहा आणि खाली स्वतःच्या आयुष्यातलं एक पूर्ण वाक्य, शक्यतो भूतकाळातलं: 'वी मेड अ डिसिजन टू सेल द फ्लॅट.' वाक्य स्वतःचं हवं. शब्दकोशातला जॉन बागेत काय करतो, ते दोन दिवसांत विसरायला होतं.

काही दिवसांनी तेच वाक्य क्रियापद गाळून लिहा आणि गाळलेली जागा भरा. नाम सहसा आठवतं, निसटतं ते क्रियापद, म्हणून रिकामी जागा तिथेच ठेवायची. मोबाईलवर करायचं असेल तर 'अंकी' नावाचं ॲप आहे. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात.

२. मराठी क्रियापदाचा माग काढा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. आपल्या बहुतेक चुका इंग्रजीतून येत नाहीत, त्या मराठी क्रियापदातून येतात. करणे, देणे, घेणे, काढणे, लावणे, मारणे ही आपली कामाची माणसं. कुठलंही काम सांगा, करतात. इंग्रजीत दर कामाला वेगळा माणूस बोलवावा लागतो.

एकटं 'काढणे' घ्या:

फोटो काढणे: टेक अ फोटो
चित्र काढणे: ड्रॉ अ पिक्चर
बँकेतून पैसे काढणे: विदड्रॉ मनी
कर्ज काढणे: टेक आउट अ लोन
बँकेत खातं काढणे: ओपन ॲन अकाउंट
झेरॉक्स काढणे: मेक अ फोटोकॉपी
कुणासाठी वेळ काढणे: मेक टाइम
तिकीट काढणे: बाय अ टिकिट
कुणाच्या चुका काढणे: फाइंड फॉल्ट
कुरापत काढणे: पिक अ फाइट

एका मराठी शब्दामागे सात-आठ इंग्रजी क्रियापदं झाली, आणि मोर्चा अजून निघायचाच आहे. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं 'टेक आउट अ मोर्चा' लिहितात. लंडनच्या वाचकाला 'होल्ड अ मार्च' लागेल.

'देणे' तर काही वेळा थेट उलटं फिरतं. परीक्षा आपण देतो, इंग्रजीत ती 'टेक' करतात. ब्रिटनमध्ये 'सिट'ही म्हणतात. 'गिव्ह ॲन एक्झाम' म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाटतं, तुम्ही मास्तर आहात आणि पेपर वाटत होतात. लक्ष देणे आणि भेट देणे यांना इंग्रजीत 'पे' लागतं: 'पे अटेन्शन', 'पे अ व्हिजिट'. भाषण मात्र तिकडेही 'गिव्ह'च करतात. इथे मराठी आणि इंग्रजी जुळतात. अशा जोड्या वहीत लिहायचीही गरज नाही. जिथे फाटा फुटतो तेवढंच लिहा. वही निम्म्याने हलकी होते.

'करणे'साठी क्लासमध्ये एक नियम सांगतात: नवीन काही तयार झालं तर 'मेक', नुसतं काम उरकलं तर 'डू'. केक आणि गृहपाठापर्यंत हा नियम चालतो. पुढे 'डू युअर बेस्ट' आणि 'मेक ॲन एफर्ट' शेजारी आले की नियम हात वर करतो, कारण दोन्हींचा अर्थ प्रयत्न करणेच. 'मेक अ मिस्टेक', 'मेक अ फोन कॉल', 'मेक प्रोग्रेस' एका बाजूला आणि 'डू बिझनेस', 'डू रिसर्च', 'डू डॅमेज' दुसऱ्या बाजूला, असे दोन गट पाठ करणं हाच जवळचा रस्ता.

आता हीच यादी स्वतः 'लावणे'ची करा: पंखा लावणे, गजर लावणे, झाड लावणे, कुलूप लावणे, पैज लावणे, शोध लावणे, अर्थ लावणे. मग 'मारणे': गप्पा, उडी, फेरी, दांडी. प्रत्येक ठिकाणी शब्दकोशात नाम उघडायचं, क्रियापद नाही. 'गजर'साठी 'अलार्म' उघडलंत की 'सेट' तिथेच बसलेलं सापडतं.

३. विभक्तीचं शब्दशः भाषांतर टाळा

रमाशी लग्न झालं, म्हणून 'मॅरिड विथ रमा'. 'शी'चं 'विथ' झालं. बरोबर आहे 'मॅरिड टू रमा'.

'वर'चं बघा. मुलावर रागावणे 'अँग्री विथ', कुणावर हसणे 'लाफ ॲट', देवावर विश्वास 'बिलीव्ह इन', तिच्यावर प्रेम 'इन लव्ह विथ', कामावर लक्ष 'अटेन्शन टू', आणि एकदाचं पगारावर अवलंबून असणे 'डिपेंड ऑन'. सहापैकी एकाच ठिकाणी 'ऑन' आलं. तेव्हा हे छोटे शब्द सुटे शिकण्यात अर्थ नाही, ते मोठ्या शब्दाला चिकटवूनच वहीत जायला हवेत.

एक गोष्ट मात्र नियमासारखी वापरता येते, आणि ती शाळेत कुणी सांगत नाही. पुष्कळ शब्द असे आहेत की क्रियापद असताना त्यांना मधला शब्द नको असतो, नाम झाले की हवा असतो. 'डिस्कस द प्राइस', पण 'अ डिस्कशन अबाउट द प्राइस'. 'व्हिजिट गोवा', पण 'अ व्हिजिट टू गोवा'. 'कॉन्टॅक्ट द बँक', पण 'कॉन्टॅक्ट विथ द बँक'. 'डिमांड अ रिफंड', पण 'अ डिमांड फॉर अ रिफंड'. 'एम्फसाइझ द पॉइंट', पण 'एम्फसिस ऑन द पॉइंट'. आपलं 'डिस्कस अबाउट' नामाच्या शेपटीतूनच क्रियापदात शिरलेलं आहे. 'रीच'लाही पुढे 'टू' लागत नाही: 'रीच पुणे', बस्स. अपवाद आहेतच: 'रिप्लाय' क्रियापद असो वा नाम, 'टू' हवाच. 'रिप्लाय मी' चालत नाही.

'लुक फॉरवर्ड टू' नंतर 'हिअरिंग' येतं, 'हिअर' नाही. मेलच्या शेवटच्या ओळीत रोज लागतं, तेवढ्यासाठी पाठ करून टाका.

४. 'अ' आणि 'एस' हेही जोडीचेच भाग

'मेक अ मिस्टेक'मध्ये 'अ' आहे, 'मेक प्रोग्रेस'मध्ये नाही. 'गिव्ह ॲडव्हाइस', 'डू होमवर्क', 'डू रिसर्च' यांतही नाही, आणि त्यांना शेवटी 'एस'ही लागत नाही. 'ॲडव्हाइसेस' आणि 'होमवर्क्स' आपल्याकडे सर्रास दिसतात. उलट 'हॅव अ फीव्हर' आणि 'हॅव अ हेडेक'मधला 'अ' आपण खाऊन टाकतो. म्हणून वहीत उतरवताना जोडी जशीच्या तशी, 'अ' सकट.

सगळ्याच जोड्या सारख्या घट्ट नसतात, हेही बघून ठेवा. 'मेक अ मिस्टेक' सैल आहे. मध्ये 'सीरियस' घालता येतं, 'मिस्टेक्स' करता येतं, कर्मणीतही फिरवता येतं. 'टेक प्लेस' पक्कं आहे. मध्ये काही घालाल तर मोडतं. 'बॅक अँड फोर्थ'चा क्रम तर उलटताच येत नाही, आपण 'पुढेमागे' म्हणत असलो तरी.

५. विशेषणांत 'बिग' आणि 'व्हेरी'वर भागवू नका

मराठीत मोठा पाऊस, मोठा आवाज, मोठा भाऊ, मोठी चूक. इंग्रजीत 'हेवी रेन', 'लाउड नॉइज', 'एल्डर ब्रदर', 'सीरियस मिस्टेक'. 'बिग मिस्टेक' चालतं, पण 'बिग रेन' नाही. 'कडक'चीही तीच कथा: चहा 'स्ट्राँग', शिस्त 'स्ट्रिक्ट', भाकरी 'हार्ड'.

इथला सापळा म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश. 'बिग' बाळबोध वाटतो म्हणून त्यातून भारदस्त शब्द उचलायचा आणि 'कोलोसल रेन' लिहायचं. परदेशी जाण्यासाठी आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांनी हे जपावं. लेखनाच्या पेपरात चार निकष सारख्या वजनाचे असतात, त्यातला एक शब्दसंपदेचा, आणि सात बँडच्या (बँड म्हणजे गुणांची पातळी) वर्णनात कोलोकेशनची जाण असा स्पष्ट उल्लेख आहे. अवघड शब्द चुकीच्या शेजाऱ्याजवळ बसवण्यापेक्षा 'हेवी रेन' लिहिलेलं कधीही बरं.

मांजरी आणि कुत्र्यांच्या पावसाचा वाक्प्रचार तर सोडूनच द्या. क्लासवाल्यांचा तो फार लाडका, पण आजच्या कामकाजाच्या पत्रात तो वाचल्याचं मला आठवत नाही.

६. जोडी पडताळायची कशी

समजा 'पाऊस पडला' लिहायचंय आणि क्रियापद सुचत नाही. 'स्केल' उघडा, 'रेन' टाइप करा. वर तीन पर्याय दिसतात: उदाहरणं, वर्ड स्केच आणि सारखे शब्द. मधल्यावर जा. रकाने दिसतील. एका रकान्यात 'रेन'च्या आधी येणारी विशेषणं, त्यात 'हेवी'. दुसऱ्यात पाऊस जे करतो ती क्रियापदं, त्यात 'फॉल'. एखाद्या शब्दावर टिचकी मारली की खरी वाक्यं उघडतात. त्यातली दोन-तीन वाचल्याशिवाय जोडी वहीत घेऊ नका. कधीकधी जोडी बरोबर असते, पण प्रसंग भलताच असतो. तिसऱ्या पर्यायाकडे सुरुवातीला जाऊच नका, तो पुन्हा समानार्थी शब्दांच्या सापळ्यात नेतो.

दोन जोड्यांत निवड करायची असेल तर गुगलचं 'एनग्राम व्ह्यूअर' बरं. दोन्ही जोड्या मध्ये स्वल्पविराम देऊन लिहा. छापील पुस्तकांत कुठली किती येते, त्याच्या दोन रेषा मिळतात. ब्रिटिश आणि अमेरिकन पुस्तकं वेगवेगळी निवडता येतात. 'टेक अ डिसिजन' असं ब्रिटिश लोकही म्हणतात, अमेरिकन 'मेक'ला धरून असतात, अशा गोष्टी तिथे डोळ्यांनी दिसतात.

साध्या गुगल शोधात 'इतके लाख निकाल' असा आकडा कुठे दिसलाच, तर त्यावर निर्णय घेऊ नका. तो अंदाजे असतो, आणि चुकीची जोडी लाखो लोकांनी लिहिलेली असू शकते. 'डिस्कस अबाउट' शोधून बघा.

७. घरचं इंग्रजी आणि बाहेरचं इंग्रजी

'डू द नीडफुल', 'आउट ऑफ स्टेशन', 'प्रीपोन', 'कझिन ब्रदर'. यांना चूक म्हणणाऱ्यांतला मी नाही. नागपूरच्या डीलरला 'मीटिंग प्रीपोन केली' लिहिलं तर त्याला बरोबर कळतं आणि विषय संपतो. पण वाचणारा भारताबाहेरचा असेल तर पुढच्या तीन जोड्या नक्की बदला.

'पास्ड आउट इन २०१९' याचा अर्थ बाहेर 'बेशुद्ध पडलो' असा होतो. लष्करी प्रशिक्षण संस्थांपुरताच तो उत्तीर्ण होण्याशी जोडलेला आहे. 'ग्रॅज्युएटेड' लिहा. उत्तर देण्याच्या अर्थी 'रिव्हर्ट' परदेशी माणसाला 'पूर्वस्थितीत जाणे' वाटू शकतं, आणि 'रिव्हर्ट बॅक' तर दुप्पट, 'रिप्लाय' पुरे. 'कोप अप विथ'मधलं 'अप' आपण 'कीप अप विथ'मधून उचललंय. 'कोप विथ' एवढंच असतं.

८. आधी सलग लिहा, मग फक्त जोड्यांसाठी वाचा

लिहिताना प्रत्येक शब्दावर थांबलात तर मेल संध्याकाळपर्यंत जाणार नाही. मनात येईल तसं लिहून काढा. मग एक वाचन फक्त जोड्यांसाठी करा: प्रत्येक नामावर बोट ठेवायचं आणि त्याच्या डावीकडे कोण आहे ते बघायचं.

एक मसुदा घेऊन बघू. असे मसुदे पावसाळ्यात माझ्याकडे नेहमी येतात:

'आय वॉन्ट टू डिस्कस अबाउट द डिलिव्हरी. यस्टरडे देअर वॉज बिग रेन, सो द ट्रक कुड नॉट रीच टू द पोर्ट. वी आर डुइंग एफर्ट्स. प्लीज गिव्ह अस सम टाइम. आय ॲम वेटिंग युअर रिप्लाय.'

'डिलिव्हरी'च्या डावीकडे 'डिस्कस अबाउट'. क्रियापद आहे, 'अबाउट' खोडा. 'रेन'च्या डावीकडे 'बिग', तिथे 'हेवी'. 'पोर्ट'च्या डावीकडे 'रीच टू', 'टू' खोडा. 'एफर्ट्स'च्या डावीकडे 'डुइंग', तिथे 'मेकिंग'. आणि कामकाजात 'वी आर मेकिंग एव्हरी एफर्ट' अशी पूर्ण जोडीच चालते, 'एस' न लावता. 'टाइम'च्या डावीकडे 'गिव्ह अस सम', हे ठीक आहे, हात लावू नका. पण गिऱ्हाईक 'किती वेळ' असं विचारणारच, तेव्हा तारीख घाला. हे इंग्रजीचं नाही, धंद्याचं. 'रिप्लाय'च्या डावीकडे 'वेटिंग', त्याला 'फॉर' हवा. किंवा सरळ 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू'.

'वुड लाइक टू' हे 'वॉन्ट टू'पेक्षा नम्र, ते पहिल्या ओळीत घाला. बाकी वाक्यांची रचना तीच राहू द्या.

दुरुस्ती करणारी यंत्रं हल्ली यातलं बरंचसं आपोआप करतात. जरूर वापरा, पण मसुदा आणि दुरुस्त प्रत शेजारी ठेवून बघा आणि यंत्राने बदललेली प्रत्येक जोडी वहीत घ्या. दोन-तीन आठवडे हे केलंत की स्वतःच्या चुकांची यादी हाती येते, आणि ती वाटते त्यापेक्षा बरीच छोटी निघते. आमच्याकडे बहुतेकांची 'डिस्कस अबाउट', 'रिप्लाय मी' आणि 'डुइंग एफर्ट्स' यांच्याभोवतीच फिरते. ती एका चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा आणि 'सेंड' दाबण्याआधी तेवढंच तपासा.